अन्नछत्र, मिरपूड आणि मोफत न्याहरी

‘अन्नछत्रांत जेवणें आणि वर मिरपूड मागणें’ ही आपल्याकडील जुनी म्हण आहे. फुकटच्या अन्नापुढें माणसाचें वर्तन कसें बदलतें, हें इतक्या थोडक्यांत क्वचितच कोणीं सांगितलें असेल. या म्हणीचा प्रत्यय हल्लीं देशोदेशींच्या हॉटेलांत सकाळच्या प्रहरीं येतो. खोलीच्या भाड्यांतच न्याहरी दिलेली असते. मेजावर पदार्थ मांडलेले असतात आणि ज्याचें त्यानें वाढून घ्यावयाचें असतें. एरवीं घासाघीस करण्यास लाजणारे प्रतिष्ठित गृहस्थ तेथें ताटलींत डोंगर रचतात, निम्में टाकून उठतात, आणि जातां जातां दोन केळीं व लोण्याच्या वड्या पिशवींत सरकवितात. याला हावरटपणा म्हणून सोडून देणें सोपें आहे. परंतु या वर्तनामागें एक इतिहास आहे, आणि तो बराचसा अमेरिकेंत घडलेला आहे.

बोस्टन शहरीं १८२९ सालीं ट्रेमाँट हाउस हें हॉटेल उघडलें. आधुनिक हॉटेलांचा आद्य नमुना म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्या काळच्या अमेरिकन हॉटेलांत खोली व जेवणें यांचें मिळून रोजचें एकच भाडें असे. या पद्धतीस पुढें ‘अमेरिकन प्लॅन’ हें नांव पडलें. खोलीचे पैसे वेगळे आणि अन्नाचे वेगळे, ही ‘युरोपियन प्लॅन’ची रीत मागाहून रूढ झाली. फ्रॅन्सिस ट्रॉलप या इंग्रज लेखिकेनें १८३२ सालच्या आपल्या ग्रंथांत, आगबोटीवरील सामायिक मेजाशीं अमेरिकन प्रवासी किती घाईनें अन्नावर तुटून पडतात, याचें तिखट वर्णन केलें आहे. तथापि हें अन्न फुकट आहे असें तेव्हां कोणी म्हणत नसे. पैसे आधीं मोजलेले आहेत, हें सर्वांस ठाऊक असे.

‘फुकट’ हा शब्द खरा गाजला तो दारूच्या गुत्त्यांत. अमेरिकेंत या गुत्त्यांस ‘सलून’ म्हणत. आपल्याकडील केशकर्तनालयाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें पांच सेंटांचा बिअरचा पेला घेणाऱ्यास पाव, चीज, खारविलेलें मांस, खारे मासे असे पदार्थ वेगळे पैसे न देतां खावयास मिळत. मालक कांहीं धर्मात्मा नव्हता. खाऱ्या पदार्थांनीं तहान वाढे, दुसरा पेला खपे, आणि त्यांत पहिल्या घासाची किंमत वसूल होई. मुंबईंत जन्मलेला रड्यर्ड किप्लिंग १८८९ सालीं सान फ्रान्सिस्कोस गेला, तेव्हां ही चाल पाहून त्यास नवल वाटलें. दिवाळें निघालेला माणूसही येथें दिवसाला रुपयाहून कमी खर्चांत यथेच्छ जेवूं शकेल, असा हिशेब त्यानें आपल्या हिंदुस्थानी नाण्यांत मांडून ठेविला आहे.

या मेजाचा एक अलिखित कायदा होता. पेला घेतल्यावांचून घासाला हात लावावयाचा नाहीं. तो मोडणाऱ्यास गुत्त्यांतला धटिंगण बकोटीस धरून बाहेर काढी. परंतु १८९३ सालीं अमेरिकेंत मोठी मंदी आली, कारखाने बंद पडले, आणि शिकागोच्या रस्त्यांवर बेकार मजुरांच्या झुंडी फिरूं लागल्या. विल्यम स्टेड या इंग्रज पत्रकारानें तो हिवाळा प्रत्यक्ष पाहिला. धर्मादाय संस्थांपेक्षांही गुत्तेवाल्यांनीं अधिक भुकेल्यांस अन्न दिलें, असें त्यानें १८९४ सालच्या आपल्या पुस्तकांत नमूद केलें. ज्यांचा धंदा समाज निंद्य मानी, त्यांच्याच मेजावर उपाशी माणसाचा दिवस निभावला! तेथें एखाद्यानें एका पेल्यावर दोघांचें अन्न खाल्लें असेल, तर त्यास हावरा म्हणण्यास जीभ रेटत नाहीं.

याच्या उलट गंमत न्यूयॉर्क राज्यांत झाली. १८९६ सालच्या रेन्स कायद्यान्वयें रविवारीं दारू विकण्याची मुभा फक्त हॉटेलांस, व तीही जेवणाबरोबरच, राहिली. गुत्तेवाल्यांनीं लगोलग दहा खोल्या काढून ‘हॉटेल’ ही पाटी लाविली. ‘जेवण’ म्हणून एकच शिळें सँडविच या मेजावरून त्या मेजावर फिरूं लागलें. तें खाण्याची कोणाची छाती नव्हती! पुढें १९२० सालीं देशभर दारूबंदी आली, आणि सलूनबरोबर तेथील मोफत मेजही उठलें.

तीच युक्ति पुढें हॉटेलवाल्यांनीं नव्या रूपांत हातीं घेतली. १९८४ सालीं मेंफिस येथें हॅम्पटन इन या मालिकेचें पहिलें हॉटेल निघालें. भाडें बेताचें, मोठ्या भोजनगृहाचा खर्च नाहीं, आणि सकाळीं न्याहरी मोफत, असा त्याचा बेत होता. अशा हॉटेलांचें पाहून इतरांनींही तो उचलला. यांत वाढपी गेला आणि बिलही गेलें. त्यांच्याबरोबर पाहुण्यास मर्यादेची आठवण देणाऱ्या दोन गोष्टी गेल्या.

गुत्त्यांतला व्यवहार उघडा होता. आधीं पेला, मग घास. हॉटेलांतला व्यवहार भाड्यांत दडलेला आहे. म्हणून पाहुणा एका श्वासांत ‘फुकट आहे’ असें म्हणतो, आणि दुसऱ्या श्वासांत ‘पैसे मोजले आहेत, वसूल करूं’ असेंही म्हणतो. हॉटेलवाला मात्र सर्वांच्या खाण्याचा सरासरी अंदाज बांधून तो सर्वांच्या भाड्यांत घालतो. पहांटेची गाडी गांठण्यासाठीं उपाशीं निघालेला प्रवासी आणि नुसता चहा घेणारे वृद्ध गृहस्थ, दोघेही आपल्या ताटलीचे पैसे भरीत असतात. पोटभर खाणें हा पाहुण्याचा हक्क आहे, यांत शंका नाहीं. पण टाकलेलें अन्न कोणाच्याच पोटांत जात नाहीं, आणि पिशवींत सरकविलेल्या केळ्यांस शिकागोच्या मजुराची भूक साक्षीला येत नाहीं.

अन्नछत्रांत निदान दाता कोण, हें जेवणाऱ्यास ठाऊक असतें. मोफत न्याहरीच्या मेजावर दाता असतो शेजारच्या खोलींतला अनोळखी पाहुणा. तो समोर बसून पाहत आहे, एवढें जरी मनांत आणलें, तरी मिरपूड मागण्यास आपण थोडे तरी कचरूं.