हौदाचा चुना आणि जतचे पाणी

१/ जलतरण तलावाचा पांढरा गिलावा निर्जीव भासतो. वस्तुतः त्याची पाण्याशी अखंड देवघेव चालू असते. पाण्यात चुना कमी असेल तर ते भिंतीतला चुना खाते. जास्त असेल तर भिंतीवर चुन्याचे पापुद्रे चढवते. ही देवघेव समजून घेण्यास सांगली जिल्ह्यातील जतसारखा प्रदेश नाही.

२/ १९४८ साली विलीन झालेले जत संस्थान डफळे घराण्याचे. हे घराणे आरंभी विजापूरच्या आदिलशाहीच्या सेवेत होते. त्या विजापुरात १६५१ साली बेगम तलाव बांधला गेला. तलावाचे पाणी मातीच्या नळांतून शहरात येई. वाटेत ‘गंज’ नावाचे मनोरे होते. तेथे पाण्याचा दाब कमी होई आणि गाळ खाली बसे.

३/ या बांधकामांचा प्राण म्हणजे चुना. चुनखडी भट्टीत भाजली की कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळूसह बैलांच्या घाणीत मळीत. भिंतीवर बसल्यावर तो हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा चुनखडी बनतो. काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांत चिकणमातीचा अंश असतो. त्यामुळे त्यांचा चुना ओलाव्यातही घट्ट धरतो.

४/ या भिंतीला दोन प्रकारचे पाणी भेटते. पावसाचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी. ते चुना विरघळवते. खडकातून झिरपलेले पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि भांड्यावर पांढरा थर साचतो.

५/ हा अनुभव जुना असला तरी त्याला आकडे मिळाले विसाव्या शतकात. १९०९ साली कोपनहेगनमध्ये सोरेनसेन यांनी आम्लता मोजण्याची ‘पीएच’ श्रेणी मांडली. १९३६ साली कॅलिफोर्नियातील प्राध्यापक लँजेलियर यांनी पाणी चुना विरघळवील की साठवील, हे सांगणारा निर्देशांक दिला.

६/ दुसरा प्रश्न जंतूंचा. त्यावरचे औषधही चुन्यातूनच आले. १७९९ साली चार्ल्स टेनंट यांनी चुन्यावर क्लोरीन सोडून विरंजक चूर्ण बनवण्याचे पेटंट घेतले. आज गावोगावी विहिरीत आणि टाकीत पडणारी ‘टीसीएल पावडर’ ती हीच.

७/ येथे दोन्ही गरजा एकमेकींना छेद देतात. टीसीएलमुळे पाण्यातील चुना आणि पीएच दोन्ही वाढतात. पीएच ७.५ असताना मुक्त क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग जंतुनाशक रूपात असतो. ८ वर तो पाव भागाच्या आसपास येतो. पीएच उतरवण्यासाठी आम्ल घालावे, तर ते अधिक झाल्यास गिलावाच झिजतो.

८/ म्हणून गिलाव्याच्या तलावासाठी मध्यम मार्ग ठरला: पीएच ७.२ ते ७.८, क्षारता लिटरला ८० ते १२० मिलिग्रॅम, कॅल्शियमजन्य जडपणा २०० ते ४०० मिलिग्रॅम. आजच्या गिलाव्यात पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी असते. तरी नियम तोच, कारण दोन्हींत चुन्याचाच अंश आहे.

९/ जतसारख्या कोरड्या मुलखात अडचण वाढते. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. घट भरून काढायला बोअरचे जड पाणी घातले की जडपणा आणखी चढतो. सोपा उपाय एकच: काही पाणी उपसून टाकणे आणि मऊ पाणी भरणे.

१०/ परंतु पाणी उपसून टाकणे जतला परवडणारे नाही. येथील सीमेवरच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, याची चर्चा २०२२ साली देशभर झाली. अशा ठिकाणी पावसाचे पाणी साठवून ते बोअरच्या पाण्यात मिसळणे हाच शहाणपणा. एक चुना खाणारे, दुसरे चुना साठवणारे. योग्य प्रमाणात एकत्र आले की भिंतही टिकते आणि पाणीही वाचते.