खडकवासला

पुणे जिल्ह्याच्या हवेली तालुक्यातील मुठा नदीकाठचे गाव. पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या वाटेवर. येथील दगडी धरण 1879 मध्ये पुरे झाले. त्याचा आराखडा फाइफ या लष्करी अभियंत्याचा, म्हणून जलाशयाला पूर्वी ‘लेक फाइफ’ म्हणत. सुट्टीच्या दिवशी जलाशयाकाठच्या चौपाटीवर भाजलेली कणसे आणि कांदाभजी खायला पुणेकरांची झुंबड उडते. पण या गावाचे खरे महत्त्व धरणाच्या खालच्या अंगाला आहे.

तेथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. मुंबई इलाख्याने 1916 मध्ये सिंचनाच्या अभ्यासासाठी काढलेल्या छोट्या विभागातून ते वाढले. पाणी दिले की पीक येते, पण बेताबाहेर दिले की जमीन चिबड होते, हा दख्खनच्या कालव्यांवरील पेच त्यामागे होता. पुढे केंद्राने खडकवासल्यास बस्तान बसवले, कारण प्रयोगांना लागणारे पाणी धरणातून उताराने मिळे. नद्या, बंदरे आणि धरणांचे सांडवे यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून पाणी सोडायचे आणि गाळ कुठे साचतो, काठ कुठे खचतो हे पाहायचे, ही येथील मुख्य कार्यपद्धती. शंभरपट लहान प्रतिकृतीत पाण्याचा वेग दहापट कमी ठेवतात. त्यामुळे नदीतला दहा तासांचा पूर येथे तासाभरात उतरतो. नर्मदेवरील सरदार सरोवराच्या सांडव्याचाही अभ्यास येथे झाला. केंद्राला नावारूपास आणणारे क्लॉड इंग्लिस पुढे ब्रिटनच्या जलसंशोधन संस्थेचे पहिले प्रमुख झाले. थेम्सकाठच्या वॉलिंगफर्डमधील त्या संस्थेला मुठेकाठचा अनुभव असा लाभला. पुण्याच्या इतिहासलेखनात याची नोंद फार थोडी आढळते, ही खेदाची गोष्ट आहे.

12 जुलै 1961 रोजी वरच्या अंगाचे पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही आणि पुण्यात हाहाकार माजला. धरण नंतर पुन्हा बांधले गेले. जलाशयाकाठच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला 1949 मध्ये बसवली गेली आणि 1955 मध्ये तिचे उद्घाटन झाले.

2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत आले. पुण्याच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग आजही खडकवासला आणि त्याच्या वरच्या अंगाच्या धरणांच्या साखळीतून येतो. म्हणून जलाशयाच्या काठावर होणाऱ्या प्रत्येक बांधकामाची परीक्षा आधी पाण्याच्या दृष्टीने व्हायला हवी, आणि ती करण्याची विद्या याच गावात आहे.