शहकाटशहाचं कूळ

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारला काय किंवा मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी काय, निवडणुकीचा विषय निघाला की ‘शहकाटशह’ हमखास येतो. पटावर मात्र ही अगदी नेमकी चाल आहे आणि नवशिक्याने ती लवकर शिकावी.

शह बसला की तीनच वाटा: राजा हलवा, शह देणारं मोहरं मारा, नाहीतर मधे काही घाला. हे करतानाच उलट समोरच्या राजाला शह लागला, तर तो काटशह. पट मांडून पाहा. पांढऱ्याचा राजा एच-१, वजीर डी-४, प्यादं ए-६ वर. काळ्याचा राजा जी-८ वर आणि वजीर बी-१ वर, तिथून शह देत उभा. पांढरा आपला वजीर जी-१ वर आणतो. शह अडतो आणि त्याच क्षणी उभ्या पट्टीतून काळ्या राजाला शह बसतो. आता काळ्याने राजा हलवला तर त्याचा वजीर फुकट जातो. वजीर मधे घातला तरी तो मरतोच. म्हणून वजिराला वजीर मारणं भाग पडतं. मग ए पट्टीतलं प्यादं मोकळं सुटतं आणि काळा राजा तिथवर पोहोचत नाही.

यातला शह फारसीतून आला. तिथे शाह म्हणजे राजा. ‘राजा सांभाळा’ असा तो इशारा. काट आपली. खेळ मात्र या मुलखात फारसीच्या आधीपासून होता. बीडचा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांकडे असताना, बाराव्या शतकात, तिसऱ्या सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. राजाच्या करमणुकींत त्याने बुद्धिबळालाही जागा दिली. पण वर दाखवलेली चाल त्या काळी खेळताच आली नसती, कारण तेव्हाचा मंत्री तिरकं एकच घर चाले. पटभर धावणारा वजीर पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात घडला आणि नंतर इकडे आला. शब्द जुना आणि हत्यार नवं, हे मला या कुळातलं सर्वांत मोलाचं वाटतं.

देशी आणि युरोपीय पद्धतींची गाठ छापील पानावरही पडली. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक १८१४ साली मुंबईत इंग्रजीत निघालं, तेही युरोपीय खेळाला जुळवून.

देशी डावात वजीर आला तरी बाकीचे नियम आपलेच राहिले. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके आणि शेवटच्या घरी पोहोचलं की त्या पट्टीचं मोहरं होई. म्हणजे वरच्या डावातल्या प्याद्याचा हत्तीच झाला असता. शिवाय वजिरावजिरी होताच काळ्याकडे एकटा राजा उरला असता. अशा वेळी बुर्ज झाला म्हणत आणि तो पुरा विजय धरत नसत. म्हणून देशी खेळाडू समोरच्याचं शेवटचं प्यादं मुद्दाम जिवंत ठेवी आणि मगच मात करण्याच्या मागे लागे.