बॅकअप रिस्टोअर, बाह्य हार्ड डिस्कवरून (जव्हार व मोखाडा)

बाह्य हार्ड डिस्कवर ठेवलेली माहिती संगणकावर परत आणणे, आणि ती येत नसेल तर बिघाड शोधून काढणे. पालघर जिल्ह्याच्या (स्थापना १ ऑगस्ट २०१४) पूर्वेकडील जव्हार व मोखाडा या डोंगराळ, अनुसूचित क्षेत्रातील तालुक्यांच्या संदर्भात हा विषय येथे घेतला आहे. डिस्क उघडून आतली माहिती काढणाऱ्या प्रयोगशाळा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत असल्याने पहिला उपचार बहुधा गावातच होतो. माहिती वाचणार की जाणार, हे बऱ्याचदा त्या पहिल्या तासाभरातच ठरते.

व्याप्ती : सातबारा, आठ-अ यांसारखे महसुली अभिलेख राज्याच्या सर्व्हरवर असतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, त्यामुळे डिस्क बिघडली तरी तो बुडत नाही. वनहक्क कायद्याखालील (२००६) दाव्यांसाठी गावाने जमवलेले जीपीएस नकाशे, ग्रामसभेच्या ठरावांचे स्कॅन, मोखाड्याच्या बोहाड्याचे चित्रीकरण किंवा वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारख्या तारपावादकांचे ध्वनिमुद्रण यांचे तसे नाही. लॅपटॉपची जागा भरली म्हणून अशा फाइल डिस्कवर ‘हलवल्या’ जातात आणि त्या डिस्कलाच बॅकअप म्हटले जाते. मूळ पुसल्यावर ती एकमेव प्रत उरते, बॅकअप राहत नाही. या नोंदीतील सर्व सूचना डिस्कवर एकमेव प्रत आहे असे धरून दिल्या आहेत.

डिस्क डिटेक्ट न होणे : आधी केबल व पोर्ट बदलून पाहावे. अडीच इंची डिस्कला वीज यूएसबीतूनच मिळते. यूएसबी २.० पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिॲम्पिअर, तर ३.० पोर्ट ९०० मिलिॲम्पिअर देतो. हबला किंवा डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला लावलेली डिस्क पुरेशा विजेअभावी कधी कधी फिरतच नाही. मागच्या पोर्टला लावताच सुरू होते. डिस्क ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये दिसते पण ‘धिस पीसी’मध्ये नाही, असे असल्यास तिला ड्राइव्ह लेटर मिळालेले नसण्याची शक्यता असते, ते देता येते. ‘रॉ’ असे दिसले किंवा फॉरमॅट करण्याची विचारणा झाली, तर ‘कॅन्सल’ करावे. ‘एकदा फॉरमॅट मारून बघू’ या सल्ल्याने चालू डिस्कवरची माहितीही गेलेली आहे.

टकटक आवाज येत असल्यास डिस्क ताबडतोब बंद करावी आणि पुन्हा लावून पाहू नये. आतले हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते, त्यामुळे साध्या खोलीत झाकण उघडणे म्हणजे धूळ आत घेणे होय. पावसात भिजलेल्या डिस्कला वीज देऊ नये. दमट, गार खोलीतून आणलेली डिस्क आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच लावावी.

डिस्क दिसते पण वाचताना अडखळते, तेव्हा तिच्यावर काहीही न लिहिता आधी संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन आहे. सुस्थितीतला भाग ते आधी उचलते, खराब सेक्टर नंतर घेते आणि झालेल्या कामाची नोंद मॅपफाइलमध्ये ठेवते, म्हणून मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे चालू करता येते. या तालुक्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. प्रतिमा घेतल्यावर ‘टेस्टडिस्क’ किंवा ‘फोटोरेक’ त्या प्रतिमेवर चालवावे. विंडोजचे ‘चेकडिस्क’ केव्हा चालवावे याबाबत तंत्रज्ञांत मतभेद आहेत. दुरुस्तीच्या पर्यायासह ते डिस्कवर लिहिते, हे मात्र निश्चित.

विंडोजचे बॅकअप : ‘सिस्टिम इमेज’चा फोल्डर ‘विंडोजइमेजबॅकअप’ याच नावाने आणि डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर असावा लागतो. त्यावर तारीख लिहून नाव बदलले की रिस्टोअरला तो सापडत नाही. जुन्या बायोस पद्धतीच्या संगणकाची इमेज यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकावर जशीच्या तशी बसत नाही. ‘फाइल हिस्टरी’ फाइलच्या नावापुढे यूटीसी वेळ घालते, म्हणजे भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागची. ताजी प्रत निवडताना हे ध्यानात ठेवावे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असल्यास पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की लागते. दोन्ही नसतील तर उपाय नाही.

फॉण्टचा प्रश्न : मराठीतील जुन्या बॅकअपची ही सर्वांत मोठी अडचण असून इंग्रजी मार्गदर्शिकांत ती आढळत नाही. फाइल सुखरूप परत येते, पण उघडल्यावर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा कचरा दिसतो. पाहणारा ‘करप्ट झाली’ म्हणून ती पुसतो. वस्तुतः तिला काही झालेले नसते. युनिकोड रुळण्यापूर्वी कचेऱ्यांत सी-डॅकच्या आयएसएमचे डीव्हीबी-टीटी फॉण्ट, तर छापखान्यांत श्री-लिपी, आकृती, शिवाजी हे फॉण्ट चालत. त्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फॉण्ट मात्र ‘विंडोज’च्या ‘फॉण्ट्स’ फोल्डरमध्ये राहत. केवळ ‘डॉक्युमेंट्स’ व ‘डेस्कटॉप’ यांचा बॅकअप घेतला की मजकूर येतो, फॉण्ट मागेच राहतो.

उपाय सोपा आहे : फाइल जपावी, फॉण्टचे नाव टिपून घ्यावे, तो फॉण्ट टाकावा आणि मगच युनिकोडमध्ये रूपांतर करावे. श्री-लिपीच्या अनेक आवृत्त्यांना डोंगलही लागतो, म्हणून तो डिस्कबरोबरच ठेवावा. रूपांतरानंतर प्रूफ वाचणे अनिवार्य आहे. ‘वार्षिक’ हा शब्द घेतला तर जुन्या फॉण्टमध्ये वेलांटी ‘ष’च्या आधी आणि रफार ‘ष’नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये हा क्रम उलटा असतो. रूपांतरकाने दोन्ही जागा बदलल्या नाहीत तर वार्षिक आराखड्याच्या शीर्षकापासूनच चुका सुरू होतात. ‘ऱ्या’ व ‘ऱ्ह’ही तपासावेत, कारण आडनावे व गावांची नावे तिथेच बिघडतात आणि दाव्याच्या कागदात नावातील फरक महाग पडतो. पेजमेकर ६ व ७ च्या फाइल इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडतात, त्यानंतरच्या आवृत्त्यांत नाही. असे जुने सॉफ्टवेअर ज्या छपाईवाल्याकडे अजून चालू आहे, त्याच्याकडून त्या फाइल आताच उघडून पीडीएफ करून घ्याव्यात.

लांब मराठी नावे : फोल्डरात फोल्डर असल्यास विंडोजची २६० वर्णांची मर्यादा ओलांडली जाते, कारण काना, वेलांटी, अनुस्वार हे स्वतंत्र वर्ण मोजले जातात. अशा फाइल थेट ‘सी’ किंवा ‘डी’ ड्राइव्हवर आखूड नावाच्या फोल्डरात उतरवाव्यात.

टॅली : टॅलीतील ‘रिस्टोअर’मधूनच परत आणावे, तेही रिकाम्या फोल्डरात. नव्या आवृत्तीचा डेटा जुन्या आवृत्तीत उघडत नाही.

मॅक : टाइम मशीनचा बॅकअप ‘मायग्रेशन असिस्टंट’ने येतो.

खबरदारी : तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक गावाबाहेर, हा संकेत छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केला. ‘जागतिक बॅकअप दिन’ २०११ पासून ३१ मार्चला पाळला जातो. ग्रामपंचायतींचे आर्थिक वर्षही त्याच दिवशी संपते. वर्षअखेरीचा नवा बॅकअप घेताना जुन्यातील दहा-पाच फाइल दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. पाऊस सुरू व्हायला तेव्हा सुमारे दोन महिने असतात आणि बिघडलेली डिस्क बाहेरगावी पाठवण्यास तेवढा अवधी पुरतो.