मुंबईत घर विकत घेणे सक्तीचे कसे झाले

भाडे म्हणजे वाया गेलेला पैसा, म्हणून बचतीच्या मागे न लागता आधी स्वतःचे घर घ्या, हा सल्ला नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण म्हणून दिला जातो. मुंबईचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शहर मुख्यतः भाडेकरूंचे होते. कोकण-घाटावरून आलेल्या गिरणी कामगाराचे घर गावाला असे आणि मुंबईत असे ती भाड्याची खोली. शिल्लक पडलेला पैसा मनिऑर्डरने गावी जाई, नाहीतर सोन्यात जाई. सरकारने १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बांधलेल्या बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्याही भाड्यानेच दिल्या गेल्या. गिरगाव-दादरचा कारकून, मास्तर, वकील हेही बहुतेक भाडेकरूच होते. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तीही सभासदांनी भाग घ्यावेत आणि आपल्याच संस्थेचे भाडेकरू म्हणून राहावे, या तत्त्वावर. घर नावावर नाही म्हणून संसार अस्थिर आहे, असे या माणसांना वाटत नव्हते.

हे चित्र पालटले ते कायद्याने. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. युद्धानंतरच्या टंचाईत आणि फाळणीच्या लोंढ्यात भाडेकरूला त्या आधाराची गरज होती, हे मान्यच केले पाहिजे. पण तात्पुरता उपाय अर्धशतक टिकला. भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेना, तेव्हा मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. १९६९ मध्ये मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी सरकारला वेगळ्या दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. जुनी खोली पागडीशिवाय, म्हणजे आगाऊ एकरकमी पैसे मोजल्याशिवाय, मिळेना आणि भाड्याने देण्यासाठी नवी इमारत बांधणे परवडेना. १९७३ मध्ये लिव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले, तेव्हा जागा परत न मिळण्याच्या भीतीने मालकांनी रिकामे फ्लॅट कुलपात ठेवणे पसंत केले. भाड्याची वाट अशी अरुंद होत असताना मालकीची वाट रुंद होत गेली. ओनरशिप फ्लॅटच्या व्यवहारातली फसवणूक रोखायला १९६३ चा कायदा आला. १९७७ मध्ये गृहकर्ज देणारी एचडीएफसी स्थापन झाली आणि पगारदार माणसाला पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्यांवर घर घेता येऊ लागले. नावावर घर असावे ही इच्छा तेव्हाच्या पिढीच्या मनात असेलही, पण तिच्यापुढे दुसरा पर्यायच उरला नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा, की कारण काहीही असो, ऐंशीच्या दशकात ज्यांनी घर घेतले त्यांचे भले झाले. झाले, हे खरे. पण त्या भाववाढीला जमिनीची टंचाई कारण होती आणि १९७६ च्या नागरी जमीन धारणा कायद्याने ती आणखी वाढवली. शिवाय भाव कधी उतरत नाहीत हेही खरे नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्याला मुंबईत चढ्या भावाने घेतलेली घरे पुढे कित्येक वर्षे त्या किमतीला विकली जात नव्हती. आज मुंबईत वर्षभराचे भाडे घराच्या किमतीच्या मानाने थोडेच भरते आणि गृहकर्जाच्या व्याजाचा दर त्याहून बराच जास्त असतो. जवळची सगळी पुंजी आणि पुढच्या वीस वर्षांची कमाई एकाच भिंतीत चिणायची, तर आजारपण, नोकरीतला बदल, मुलांचे शिक्षण यांसाठी हातात काय राहते, हेही पाहिले पाहिजे. हप्त्यामुळे सक्तीने बचत होते, हा युक्तिवाद रास्त आहे. पण भविष्य निर्वाह निधीची कपातही सक्तीचीच असते, आणि तिच्यासाठी कर्ज काढावे लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आज भाड्याने राहायचे म्हणजे अकरा महिन्यांचा करार, त्यानंतर नवे डिपॉझिट, नवी दलाली, आणि मुलांची शाळा बदलण्याची धास्ती. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची मालकाची वाट सोपी केली, पण भाडेकरूला दीर्घ मुदतीची हमी दिली नाही. या अनिश्चिततेला कंटाळून एखाद्या जोडप्याने घर घेतले, तर ते चुकले असे मी म्हणणार नाही. मात्र आपण कशासाठी पैसे मोजतो आहोत, हे त्यांना स्पष्ट असावे. ते स्थैर्य विकत घेत आहेत, आणि त्याची किंमत पेलेल इतकी बचत आधी हाताशी हवी. म्हणून माझे मत असे: आधी वर्षभराच्या खर्चाइतकी शिल्लक, मग राहण्यापुरते घर, आणि केवळ भाव वाढतील या आशेने कर्ज काढून दुसरा फ्लॅट मुळीच नको. सरकारनेही पाच-दहा वर्षांच्या भाडेकरारांना दोन्ही बाजूंना पटेल असे संरक्षण द्यावे. भाडेकरूला आधार देताना मालकाला वाऱ्यावर सोडले की काय होते, ते मुंबईने पन्नास वर्षे भोगले आहे. आता उलट टोकाला जाऊन तरुणांना कर्जात ढकलण्याचे कारण नाही.