धूर, धरण आणि सेनापती बापट मार्ग

माहीमहून निघून दादर, प्रभादेवी, लोअर परळ असा रेल्वेच्या कडेकडेने महालक्ष्मीकडे जाणारा रस्ता सेनापती बापट मार्ग या नावाने ओळखला जातो. जुने गिरणगावकर मात्र त्याला तुळशी पाइप रोड म्हणतात. तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणाऱ्या नळावरून ते नाव पडले. दोन्ही नावांत पाणी आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जुन्या नावात मुंबईला मिळालेले पाणी आहे. नव्या नावात मुळशीच्या शेतकऱ्यांना बुडवणारे.

हवामानबदलातून माणसांच्या जगण्याची जी हानी होते, तिच्याबद्दल कंपन्यांना जाब विचारता येईल काय, हा प्रश्न गेल्या दहा-बारा वर्षांत जगभरच्या न्यायालयांपुढे आला आहे. तो आज ज्या शब्दांत मांडला जातो ते शब्द नवे आहेत. प्रश्न मात्र या रस्त्याच्या आसपास शंभर वर्षे रेंगाळतो आहे, असे आम्हांला वाटते.

कावसजी दावर यांची ताडदेवची सूतगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या पट्ट्यात, मूळ बेटांच्या मधल्या भरावाच्या सखल जमिनींवर, धुराडी उभी राहिली. कोळसा जळत होता आणि त्याची काजळी गिरण्यांच्या सावलीतल्या चाळींवर उतरत होती. मुंबई सरकारने १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. या कायद्याची दृष्टी काय होती? धूर डोळ्यांना दिसला पाहिजे, तो अमुक भट्टीचा आहे असे बोट दाखवून सांगता आले पाहिजे, मग भट्टीच्या मालकाला दंड करता येतो. धूर धुराड्यापासून सुटून आकाशात मिसळला की तो कोणाचाच राहत नाही. काजळीला निदान रंग तरी होता. तिच्यासोबत वर जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला तोही नव्हता.

धुरावर खरा उतारा कायद्याने दिला नाही, तो विजेने दिला. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून, त्यांच्या निधनानंतर, १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. घाटमाथ्यावर पाणी अडवायचे, ते कोकणाच्या बाजूला खाली सोडायचे आणि त्या उतारावर वीज निर्माण करायची, ही योजना तांत्रिक दृष्ट्या देखणी होती. कोळसा वाचेल, शहर स्वच्छ होईल, हा तिचा दावा खोटा नव्हता. आजच्या भाषेत तिला हरित ऊर्जा म्हटले गेले असते.

याच मालिकेतील पुढचे धरण मुळा-निळा संगमावर, मुळशी पेट्यात बांधायचे ठरले. पन्नासच्या आसपास गावांना त्याची झळ लागणार होती. जमीन घेण्यासाठी १८९४ चा भूसंपादन कायदा हाताशी होता. सार्वजनिक प्रयोजनासाठी केलेल्या त्या कायद्याने सरकार एका खासगी कंपनीसाठी जमीन संपादन करू शकत होते. १९२१ च्या एप्रिलमध्ये मावळ्यांनी काम अडवले. पांडुरंग महादेव बापट या लढ्यात उतरले आणि ‘सेनापती’ ही पदवी त्यांना येथेच मिळाली. त्यांना वारंवार तुरुंगवास घडला. धरण अर्थातच झाले आणि १९२७ साली भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली.

मुळशीचा सत्याग्रह आपण धरणविरोधी पहिल्या मोठ्या लढ्यांपैकी एक म्हणून गौरवतो आणि ते योग्यच आहे. पण तो हरला कसा, हे अधिक बोधप्रद आहे. तेथील बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांची नावे होती, आणि कसणारे हात वेगळे होते. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तेव्हा सावकाराला किंमत हवी होती आणि कुळाला जमीन. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याच्या इतिहासात ही फूट उलगडून दाखवली आहे. कंपनीला यातून सोयीचा मार्ग सापडला. ज्या हानीचा कागद आहे तिचे पैसे द्यायचे. बाकीची हानी ही हानीच नव्हे. शेत मोजता येते. नदीकाठचे देऊळ, पाणवठा, गुरांची वाट, कुळाची पुढची पिढी यांचा कोणताच उतारा तलाठ्याकडे नसतो.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे असे एक स्थळ आहे. मराठी साहित्याने गिरणगाव कमी लिहिला नाही. नारायण सुर्व्यांच्या कवितेपासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’पर्यंत एक समृद्ध परंपरा आहे. या लेखनात भोंगा आणि धुराडे पुन्हा पुन्हा येतात. पण धूर आरोपी म्हणून फारसा उभा राहत नाही. तो कष्टाची खूण होतो, पुढे तर गेलेल्या दिवसांची आठवण होतो. याचे कारण उघड आहे. गिरणीचा धूर बंद झाला तेव्हा घरची चूलही बंद झाली. ज्याला हानी पोहोचते त्याचीच रोजीरोटी हानी करणाऱ्यावर अवलंबून असते. त्याने फिर्याद कोणत्या तोंडाने करावी? पर्यावरणवादी लेखनाला ही अडचण अजून नीट कळलेली नाही, असे आमचे मत आहे. कंपनीच्या वकिलांना मात्र ती पुरती कळलेली असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपाचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. आपल्या विषयाशी संबंध आहे तो त्यानंतर उरलेल्या जमिनीचा: ५८ गिरण्या, जवळजवळ ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळमानाने असे ठरवले होते की, या जमिनीचा एकतृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एकतृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ साली सर्व गिरण्यांचा एकत्रित आराखडाही मांडला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता, गिरणीच्या आवारात आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. आवार तर इमारतींनी भरलेले! २००५ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने पाच गिरण्या विकल्या. त्यांतल्या ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या सेनापती बापट मार्गालगतच्या.

त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशीचा खरा आघात मिठीकाठच्या उपनगरांवर होता; गिरण्यांच्या जमिनींचा दोष त्यात ओढून आणणे हा अन्याय होईल. परंतु पाणी मुरायला शहरात जागा उरली आहे काय, हा प्रश्न त्या दिवसानंतर टाळता येण्याजोगा राहिला नव्हता. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये मोकळ्या जागेच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कामगारांची थकलेली देणी आणि आजारी गिरण्यांचे पुनर्वसन हे मुद्दे त्या निकालात वजनदार ठरले. मुळशीतल्याप्रमाणेच येथेही कागद असलेल्या हानीला न्याय मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. ज्याने त्या गिरणीत कधी काम केले नाही, पण जो पुढच्या पावसात हिंदमाताच्या चौकात कमरेइतक्या पाण्यात उभा राहणार होता, त्याचे नाव त्या हिशेबात नव्हते.

हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट. जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने केलेली, आणि तीही समुद्राला ओहोटी असेल तर. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात केईएम रुग्णालयाच्या तळमजल्यावरील वॉर्डांत पाणी शिरले. त्याच वर्षी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या व्यापक घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या आहेत. म्हणजे आकाशातून येणारे पाणी वाढले आणि जमिनीत जाणारे घटले. पहिल्याला जगभरची कोळसा-तेलाची कंपनी कारणीभूत, दुसऱ्याला गल्लीतली. आणि दोघींनाही एकमेकींकडे बोट दाखवण्याची उत्तम सोय.

ही सोय मोडता येते, याचे एक उदाहरण मुंबईपासून फार दूर नाही. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रावर देखरेख करण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ साली स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. गंधकाचे वायू रोखणारी यंत्रणा बसवा, हा त्यांचा आग्रह कंपनीने बरीच वर्षे टाळला, पण शेवटी २००७ साली यंत्रणा बसली. एकदाच मोबदला देऊन मोकळे होण्याची मुभा तेथे नव्हती, हे त्याचे रहस्य. अर्थात तेथेही धुराडे एकच होते आणि समोर दिसत होते.

अदृश्य धुराचे काय? पेरूमधील एका शेतकऱ्याने २०१५ साली आरडब्ल्यूई या जर्मन वीज कंपनीवर दावा लावला. वितळत्या हिमनदीमुळे घरावर पुराचे संकट आहे. जगातल्या औद्योगिक उत्सर्जनात कंपनीचा वाटा ०.४७ टक्के आहे; तर संरक्षणाच्या खर्चाचा तेवढाच वाटा तिने उचलावा, एवढीच त्याची मागणी. २८ मे २०२५ रोजी हाम येथील न्यायालयाने दावा फेटाळला, कारण त्याच्या घराला असलेला धोका पुरेसा निकटचा ठरला नाही. मात्र मोठ्या उत्सर्जकांना अशी जबाबदारी तत्त्वतः चिकटू शकते, हे त्याच निकालाने मान्य केले. १९१२ च्या कायद्याला जे सुचले नव्हते ते हेच: आकाशात मिसळलेल्या धुराचाही वाटा काढता येतो.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांत आहे, असे म्हटले. प्रकरण होते माळढोकाचे. सौर विजेच्या तारांमुळे तो पक्षी मरतो, म्हणून मोठ्या क्षेत्रात तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आधीचा आदेश होता. तो शिथिल करताना हा नवा हक्क उच्चारला गेला. स्वच्छ विजेसाठी आधीच्या रहिवाशाने थोडे सोसावे! मुळशी पेट्यातल्या माणसाला हे वाक्य ओळखीचे वाटले असते.

दरम्यान हिंदमाताचे पाणी हटवण्यासाठी महानगरपालिकेने दादरचे प्रमोद महाजन उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांच्या खाली प्रचंड टाक्या बांधल्या. पावसाचे पाणी त्यांत साठवायचे आणि भरती ओसरली की समुद्रात सोडायचे. परळ-दादर भागात ज्या थोड्या मोकळ्या जागा उरल्या आहेत, त्यांच्याच पोटात हे काम करावे लागले. खर्च महानगरपालिकेच्या तिजोरीतून झाला.