‘गाउक’ : एका शब्दाचे दिवस

माणसांप्रमाणे शब्दांचेही दिवस फिरतात. स्कॉटलंडच्या बोलीतील ‘गाउक’ म्हणजे मुळात कुक्कू पक्षी. हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतून तेथे आला. इंग्रजांकडेही याच कुळीचा जुना शब्द होता. फ्रेंच वळणाच्या ‘कुक्कू’ने त्याला हुसकून लावले. स्कॉट लोकांनी आपला शब्द टिकवला.

पुढे ‘गाउक’चा दुसरा अर्थ झाला ‘मूर्ख’. जर्मन ‘गाउख’ या त्याच्या भावंडाचीही हीच गत झाली. वास्तविक हा पक्षी मूर्ख मुळीच नव्हे! आपले अंडे तो परक्या घरट्यात घालतो. पिल्लू पोसण्याचे कष्ट माळावरच्या चिमुकल्या पाखराला पडतात.

१ एप्रिलला स्कॉटलंडात ‘गाउकची शिकार’ चाले. एखाद्या भोळ्याच्या हाती चिठ्ठी देत. वाचणारा ‘याला पुढे पाठवा’ हा मजकूर गुपचूप वाची आणि त्याला आणखी पुढे पिटाळी. पायपीट करणारा मूर्ख ठरे, पिटाळणारा शहाणा. हा न्याय आपल्यालाही अपरिचित नाही.

वसंतात, कुक्कू येण्याच्या सुमारास होणारे वादळ ते ‘गाउक-वादळ’. ते फार टिकत नाही. म्हणून अल्पकाळच्या संकटालाही तेच नाव मिळाले.

अठराव्या शतकात एडिंबरोचे विद्वान आपल्या लिखाणातून असे शब्द वेचून काढीत होते. १८०८ साली जॉन जेमिसन यांनी स्कॉट बोलीचा कोश छापला. शब्द घडवले होते ते मात्र शेतकऱ्या-मेंढपाळांनी. कोशकाराने त्यांची नोंद ठेवली.